एकच जमीन, दोन खरेदीदार : ताबा कोणाचा?

एकाच मालकाने एकच जमीन दोघांना विकली, तर ती कोणाची ठरते, हा वाद दिवाणी न्यायालयांत वारंवार येतो. ज्याचे नाव सातबारावर लागले किंवा ज्याने आधी कुंपण घातले त्याची जमीन, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याचे म्हणणे वेगळे आहे.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम ४८ नुसार एकाच मिळकतीत निरनिराळ्या वेळी हक्क निर्माण केले गेले असतील, तर आधीचा हक्क श्रेष्ठ ठरतो. पहिल्या खरेदीखताने मालकी गेल्यावर विक्रेत्याकडे दुसऱ्याला देण्यासारखे काही उरत नाही. मात्र 'आधीचा' म्हणजे आधी नोंदलेला नव्हे. नोंदणी कायदा, १९०८च्या कलम ४७ नुसार, दस्तात वेगळे ठरले नसल्यास, नोंदलेला दस्त करून दिल्याच्या दिवसापासून अमलात येतो. नोंदणीसाठी तो चार महिन्यांत सादर करावा लागतो. त्यामुळे १ मार्चचे खरेदीखत २० जूनला नोंदले गेले आणि १० एप्रिलचे दुसरे खरेदीखत ११ एप्रिललाच नोंदले गेले, तरी पहिला खरेदीदारच मालक ठरतो.

पहिल्याकडे केवळ साठेखत असल्यास त्याची बाजू दुबळी असते, कारण कलम ५४ नुसार साठेखताने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. त्याला करारपूर्तीचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो. नंतरच्या खरेदीदाराने मोबदला देऊन, सद्भावनेने आणि आधीच्या कराराची माहिती नसताना जमीन घेतली असेल, तर त्याला संरक्षण मिळते. येथे ताब्याला महत्त्व येते. जमीन प्रत्यक्षात कोणाच्या ताब्यात आहे याची चौकशी न करणाऱ्याला त्या ताबेदाराच्या हक्काची माहिती होती, असे कायदा मानतो. नोंदलेल्या साठेखताचाही परिणाम तोच होतो.

ताबा म्हणजे मालकी नव्हे. पण मालकालाही बळजबरीने ताबा घेता येत नाही. मालकी हक्काच्या आधारे ताबा मागण्यासाठी साधारणतः १२ वर्षांची मुदत असते. उलट, कायदेशीर मार्गाशिवाय हुसकावून लावलेला ताबेदार सहा महिन्यांत दावा लावून, मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून, ताबा परत मिळवू शकतो.

सातबारावरील फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. दावा चालू असताना झालेली विक्री निकालाच्या अधीन राहते; मात्र महाराष्ट्रात त्यासाठी दाव्याच्या नोटिशीची नोंदणी आवश्यक आहे.

हरलेल्या खरेदीदाराला विक्रेत्याकडून पैसे व नुकसानभरपाई मागता येते. फसवणुकीचा हेतू दिसल्यास फौजदारी कारवाईही होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागू आहे. पण पैसे खर्च करून बसलेला विक्रेता वसुलीला क्वचितच पुरा पडतो. म्हणून विसार देण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात सूची दोन तपासावी आणि शेतात उभे पीक कोणाचे आहे, हे बांधावर जाऊन विचारावे.