वसईहून कोरलईस

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वेतिहासाविषयीं चार शब्द लिहावे, अशी आम्हांस आज्ञा झाली. परंतु दुसऱ्याच्या घरीं पाहुणे म्हणून राहिल्यावांचून स्वतःच्या घराची ओळख पुरती पटत नाहीं. म्हणून आम्ही चौघे स्नेही एका शुक्रवारीं पहाटे, आगाशीच्या सुकेळ्यांची करंडी बरोबर घेऊन, मोटारीनें रायगड जिल्ह्याकडे निघालों. आमच्या आजोबांच्या तोंडीं त्याचें नांव कुलाबा जिल्हा असेंच होतें.

निघतांना एक प्रश्न मनांत होता. डिसेंबर १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली व मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेनें ती जिंकून घेतली. तहाप्रमाणें पोर्तुगीज शिबंदी सन्मानानें बाहेर पडली व मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्म पाळण्याची मुभा मिळाली. पुढें कोटांतील मठ व देवळें ओस पडलीं. त्यांच्या भिंतींत आज झाडें उगवलीं आहेत. परंतु कोटाबाहेरील वाड्यांतून जपमाळ थांबली नाहीं. ज्यांच्या राज्यांत हा धर्म वाढला ते निघून गेल्यावर तो कोणाच्या बळावर टिकला?

घोडबंदर, पनवेल, पेण असा प्रवास करून दुपारीं आम्ही अलिबागेस पोहोंचलों. तेथील आमचे स्नेही बेने इस्रायल समाजाचे. या लोकांची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं नवगांवच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटलें व त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. तेच त्यांचे मूळ पुरुष. त्यांनीं तेल गाळण्याचा धंदा धरला, मराठी भाषा आपलीशी केली व गांवांवरून दिवेकर, पेणकर अशीं आडनांवें घेतलीं. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणूं लागले. त्यांच्या पाठीशीं ना राजा होता, ना किल्ला.

सायंकाळीं आम्ही स्नेह्यांबरोबर इस्रायल आळींतील प्रार्थनामंदिरांत गेलों. त्याची स्थापना १८४८ सालची. सामुदायिक प्रार्थनेस दहा पुरुष असावे लागतात. आमच्या स्नेह्यांनीं मोजले, ते नऊ भरले. इस्रायल राष्ट्र १९४८ मध्यें स्थापन झाल्यानंतर या समाजाचीं बहुतेक कुटुंबें तिकडे गेलीं आहेत. आम्ही चौघे मागील बाकावर बसलों होतों, पण आमची गणना तेथें होणें शक्य नव्हतें. सर्वजण मुकाट्यानें दाराकडे पाहत राहिले. कांहीं वेळानें एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत पायींच आले. कोणी कांहीं बोललें नाहीं. प्रार्थनेस आरंभ झाला.

दुसऱ्या दिवशीं त्या घरीं चूल पेटली नाहीं. आदल्या दिवशीं रांधलेलें अन्न आम्ही सर्वांनीं मिळून खाल्लें. सूर्यास्तानंतर त्यांचा निरोप घेऊन आम्ही रेवदंड्याच्या वाटेस लागलों. तेथें रस्ता जुन्या कोटांतूनच जातो. चौलच्या या ठाण्यासही वसईचेंच भवितव्य भोगावें लागलें; १७४० च्या तहानें तें मराठ्यांकडे आलें. कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडून रात्रीं कोरलईस पोहोंचलों, तों आमचे यजमान वाट पाहत दारांत उभे होते.

रविवारीं कार्मेल माउलीच्या देवळांत मराठीत मिस्सा ऐकली. अगदीं आपल्या घरीं असल्यासारखें वाटलें. परंतु यजमानांच्या घरीं परततांच निराळीच भाषा कानीं पडली. पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासांतून जन्मलेली ही बोली. गांवकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. पोर्तुगीज गेले त्यास पावणेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं, तरी ती स्वयंपाकघरांत जिवंत आहे. आजीबाई नातवाशीं तिच्यांत बोलत होत्या व नातू उत्तर मात्र मराठींत देत होता. आम्हीं हें बोलून दाखवितांच त्या म्हणाल्या, “त्याला कळतंय ना, तोंवर मी बोलणार.”

परततांना आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें होतें. राज्य गेल्यावर धर्म राखिला तो काठी टेकीत येणाऱ्या वृद्धानें व नातवाशीं बोलत राहणाऱ्या आजीनें. वसईसही असेच कोणी होते. त्यांचीं नांवें कोणत्याही शिलालेखावर नाहींत.

वाचकहो, आज आपल्या वाड्यांतून इमारती उठत आहेत, कित्येक घरांना कुलुपें आहेत, तरुण मंडळी परदेशीं आहे. ज्युबिलीच्या दिवशीं आपलें देऊळ भरून जाईल, याविषयीं शंका नाहीं. खरी परीक्षा त्यापुढील साध्या दिवसाची आहे, जेव्हां बाकावर नऊच जण असतील व ते दाराकडे पाहत असतील. त्या दिवशीं उंबरा ओलांडून आंत येण्याची बुद्धि परमेश्वर आपणां प्रत्येकास देवो, हीच आमची प्रार्थना.