मुळ्यांचे वर्ष

आमच्या आजीला एकही तारीख ठाऊक नव्हती. स्वतःच्या लग्नाची नाही, मुलांच्या जन्माचीही नाही. विचारले की हात झटकायची. "तारीक-बिरीक माका खबर ना. ज्या वर्सा चिबडांक कीड पडली, त्या वर्सा तुजो बापूय जल्मलो." पुढे मामलेदार कचेरीत कागद करायची वेळ आली तेव्हा माझ्या वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला. चिबडांना कीड कोणत्या साली पडली हे सरकारच्या कोणत्याच दप्तरात लिहिलेले नसते.

आमचे घर साळला, डिचोली तालुक्याच्या वरच्या टोकाला. खाली शापोरा नदी आणि नदीपलीकडे पेडणे. आजी पलीकडची. होडीत बसून नवरी म्हणून आली आणि येताना अबोलीची रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, असे ती सांगायची. हे दोन्ही महाल सावंतवाडीकर भोसल्यांचे होते. पोर्तुगीजांच्या हाती ते १७८०च्या दशकात आले, म्हणून त्यांना 'नव्या काबिजादी' म्हणत. दोनशे वर्षे उलटली तरी नव्याच. आजीला हेही ठाऊक नव्हते. तिच्या लेखी नदीच्या या काठची माती चिकट आणि त्या काठची भुसभुशीत, त्यामुळे मुळे तिकडचे चांगले, वांगी इकडची.

जमीन म्हणाल तर दोन तुकडे. नदीकाठी शेताचा एक पट्टा. पावसात तिथे सरदाचे भात आणि ते कापले की वायंगणात भाजी. दुसरा तुकडा घरामागच्या चढणीवर, पावसाळी भाजीचा. तिथे चिबूड, दोडकी, भेंडी आणि एका कडेला रोजांची ओळ. झेंडूला आमच्याकडे रोजा म्हणतात. पुण्याला शिकायला गेले तेव्हा 'झेंडू' या शब्दाचे मला इतके हसू आले होते की मैत्रिणी चक्रावल्या.

आषाढात रोजांचे बी पडायचे. बी म्हणजे गेल्या दिवाळीची दारावरची माळ. ती फेकायची नाही, चुलीवरच्या उतवीला टांगायची. धूर खाऊन काळी पडलेली ती माळ पाऊस स्थिरावला की चुरडायची. चतुर्थीच्या आधी डिचोलीचा आणि पेडण्याचा माटोळीचा बाजार भरला की चिबूड, दोडकी, फागलां, रानातून आणलेली कवंडळे यांचे चार पैसे होत. दसऱ्यापासून रोजा सुरू. पेडण्याच्या भगवतीची कोजागरीची पुनव म्हणजे आजीच्या माहेरचा उत्सव. त्या दिवशी ती स्वतः पाटी घेऊन नदी ओलांडायची. फुले विकायला की भावाला भेटायला, हे आजोबांनी कधी विचारले नाही.

पण घर खरे चालायचे ते वायंगणावर. भात निघाले की ओल सुकायच्या आत माती उलटायची, ढेकळे फोडायची, शेणखत आणि चुलीची राख घालून वाफे करायचे. तांबड्या भाजीचे बी खसखशीसारखे बारीक, काळे, चकचकीत. ते तसेच टाकले तर एकीकडे दाट, एकीकडे टक्कल आणि उरलेले मुंग्या नेतात. म्हणून आजी सुपात राख घेऊन त्यात बी कालवायची. मूठ नाही, चिमूटही नाही. तीन बोटांच्या टोकांवरून ते सुटले पाहिजे आणि हात कोपरापासून नव्हे, खांद्यापासून फिरला पाहिजे. पेरताना ती बोलत नसे. श्वासाने बी उडते म्हणायची. मला वाटते, तेवढ्या वेळात तिला कुणी काही विचारू नये, एवढाच त्यातला अर्थ असावा.

मग पाणी. शेतातच कोपऱ्यात पुरुषभर खोल खड्डा खणलेला, त्यात नदीचे पाणी पाझरून येई. खड्ड्यात उतरायला मातीच्याच चार पायऱ्या. कळशी भरून वर यायचे, वाफ्याशी ओणवे व्हायचे आणि कळशीच्या तोंडाशी आंब्याच्या पानांची डहाळी धरायची, म्हणजे धार फुटून पावसासारखी पडते. सरळ ओतले तर कोवळी रोपे आडवी होतात, मुळे उघडी पडतात. सकाळी एक पाळी, उन्हे उतरल्यावर दुसरी. आत्या सांगते, तिच्या लहानपणी तिच्या वाट्याला एका पाळीच्या चाळीस कळश्या होत्या. मोजायला खड्ड्याच्या काठावर खडे मांडलेले असत. एक कळशी वर आली की एक खडा पलीकडे. कधी कधी ती दोन खडे सरकवायची. आजीला ते कळायचे, कारण दुसऱ्या दिवशी वाफ्याचे शेवटचे टोक मान टाकायचे.

आता मुळ्यांचे वर्ष. ही गोष्ट मी आजीकडून ऐकली आणि आत्याकडूनही. दोघींच्या सांगण्यात फरक आहे तो फक्त मुळे किती दिवस खाल्ले याचा. थंडी पडली होती. मुळे भरलेले होते, मनगटाएवढे. आजी आणि दहा-बारा वर्षांची आत्या अंधारातच पाट्या घेऊन निघाल्या. असनोड्याकडे चालत जायचे, तिथून म्हापशाची कारेर, म्हणजे बस, पकडायची. वाटेत असताना दूरवर धडाम असा आवाज झाला. आजीला वाटले खाणीचा सुरुंग. पण इतक्या पहाटे? थोड्या वेळाने समोरून माणसे धावत आली. असनोड्याचा पूल उडवला, डिचोलीचाही उडवला, परत फिरा. उडवला कुणी? तर पाकल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, स्वतःच. आजीला हे काही केल्या पटेना. स्वतःच्या घराची पायरी कुणी स्वतः मोडते का?

त्या परत फिरल्या आणि दोडामार्गाच्या रस्त्याला लागल्या तोच समोरून लष्कर आले. फेटेवाले, दाढीवाले, उंच. आत्या पाटी टाकून गडग्याआड लपली. आजीला पळता येईना, डोक्यावर पाटी होती. एक शिपाई रांगेतून जवळ आला, पाटीत वाकून बघितले आणि खुशीत ओरडला, "मूली!" एक मुळा उचलला, मांडीवर पुसला आणि करकर खात पुढे चालू लागला. कच्चा! आजी हा भाग सांगताना दर वेळी थांबायची. आमच्याकडे मुळा शिजवतात, किसून खोबरे घालतात. उभ्याने पानांसकट मुळा खाणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता. चार पावले गेल्यावर तो वळला आणि तिच्या हातावर एक नाणे ठेवले. पंचवीस नवे पैसे. त्या दिवशी आमच्या गावात ते नाणे चालत नव्हते. पुढे चालणार होते.

तारीख मी मागाहून जुळवली. १८ डिसेंबर १९६१, सोमवार. दोडामार्गाहून असनोडा, थिवी करत बेतीला पोचलेली तुकडी शीख लाइट इन्फन्ट्रीची होती आणि पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोली, असनोड्याचे पूल उडवले होते, हे पुस्तकांत आहे. पुस्तकांत मुळा नाही. १९ तारखेला गोवा मुक्त झाला आणि दोन पाट्या मुळे घरातच राहिले. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मुळ्याची भाजी खाल्ली असे आजी म्हणायची, आत्या म्हणते पंधरा. म्हणून ते मुळ्यांचे वर्ष.

त्याच्या आधीचे दोडक्यांचे. ते १९५५. पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवीला १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच पडले. आजीचा भाऊ बांद्याला दोडकी घेऊन जायचा, त्याची वाट त्या दिवसापासून बंद झाली. भारताने नाकेबंदी केली, कॅसलरॉकची रेल्वे थांबली, बेळगावची भाजी यायची बंद. सरकारने बटाटे हॉलंडहून आणले, चहा सिलोनहून. पण तांबडी भाजी काही जहाजातून येत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमच्या पाटीला कधी नव्हे ती गिऱ्हाइके लागली. त्या दोन-तीन वायंगणांच्या पैशांतून आजीने नथ केली. आजोबा तिला चिडवायचे, "सगळ्यांची नाकेबंदी, आणि हिच्या नाकात नथ." चार वर्षांनी रुपयाचे सहा इश्कुद झाले तेव्हा मात्र तिचा हिशेब पार कोलमडला. मग ती पैशाऐवजी जुड्याच मोजू लागली.

जमीन आमची नव्हती. भाटकाराला भाताचा खंड आणि वर चतुर्थीला पहिल्या चिबडांची पाटी. ही पाटी कुठल्या कागदावर नव्हती, पण चुकवायची कुणाची छाती नव्हती. १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला मालक मानले. त्यानंतरच्या चतुर्थीलाही आजीने पहिली पाटी भरली. वडील चिडले. "आता कशाला?" ती म्हणाली, "पाटी भरली ती देवळांत व्हर." त्या वर्षापासून पहिली चिबडे देवळात जातात.

आत्या लग्न होऊन शिरगावजवळ गेली. तिथे भाजी कमी, फुले जास्त. लईराईला मोगरीच्या कळ्या लागतात. वैशाखात जत्रा आली की गावोगावचे धोंड खांद्यावर वेताच्या काठ्या घेऊन येतात आणि कळ्यांना सोन्याचा भाव. आत्याची मोगरी माघात छाटलेली, पाणी तोडून ताण दिलेली, मग एकदम पाणी. जत्रेच्या आठवड्यात बरोबर लगडायची. बाकीच्या वर्षात अबोली. अबोली ओवायला सुई चालत नाही, देठ केसासारखा बारीक. केळीचे सोप वाळवून, पाण्यात भिजवून, नखाने त्याचे दोरे काढायचे. दोन फुले या अंगाला, दोन त्या अंगाला आणि मध्ये गाठ. गाठ सैल पडली तर फांती गळते, घट्ट झाली तर देठ तुटतो. आत्याला हे अंधारातही जमायचे. बोलत असायची, भांडतही असायची, आणि मांडीवर फांती वाढत असायची.

तिच्या अबोलीवर हळूहळू लाल धूळ बसू लागली. खाणी १९५०च्या दशकापासूनच होत्या, लोहखनिज जपानला जायचे. पण पुढे ट्रक इतके वाढले की फुले तोडल्यावर पाण्यात बुडवून काढावी लागत, आणि भिजलेली अबोली दुपारपर्यंत टिकत नाही. वाड्यावरच्या विहिरींचे पाणी खाली गेले. तरी आत्याने खाणीला कधी शिव्या दिल्या नाहीत. मुलगा ट्रक चालवायचा, त्याच पैशावर घराला स्लॅब पडला. २०१२ साली खाणी बंद झाल्या, धूळ थांबली, आणि त्याच पावसात ट्रक दारात गंजायला लागला. मुलगा परदेशी जहाजावर गेला. "फुलां निवळ जाली, पूण घर खाली जालें," एवढेच ती म्हणाली. मग माझ्या वहिनीने तिला साळला आणले. मोगरीची दोन झाडेही मुळांसकट आली. एक जगले.

साळची नदीही आता तशी राहिली नाही. वर तिळारीचे धरण झाले. गोवा आणि महाराष्ट्राचा १९९०चा करार, दोघांची मिळून योजना. कालव्याचे पाणी आले आणि कळश्या गेल्या. वहिनी पंपाची कळ दाबते, पाइप वाफ्यात सोडते, आणि खड्ड्याच्या जागी आता केळ उभी आहे. नदी मात्र तेव्हापासून वेळ पाळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाऊस आणि धरणातून सोडलेले पाणी एकत्र आले. साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेल, दोन्ही काठ पाण्याखाली गेले. आमचे भात गेले, ते सगळ्यांचेच गेले. पण पूर ओसरल्यावर शेतावर बोटभर गाळ होता आणि त्या वर्षीच्या वायंगणाला मुळे असे आले की वहिनीने फोटो पाठवला, शेजारी आपला हात ठेवून. आजी असती तर तिने याही वर्षाला नाव दिले असते. कुठले, ते मला ठरवता येत नाही. पुराचे, की मुळ्यांचेच दुसरे?

त्याच हंगामाच्या शेवटी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागली. गोव्याची भाजी बेळगावहून रोज पहाटे ट्रकांनी येते. ते ट्रक अडकले आणि चार दिवस पणजी-म्हापशात भाजीची पाटी दिसेना. पाचव्या दिवशी कुठून तरी पत्ता काढून दोन मोटारी आमच्या कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. तोंडाला रुमाल बांधलेली शहरातली माणसे. तांबडी भाजी द्या, मुळे द्या, असेल ते द्या. वहिनीने मला फोन केला, दर किती लावू म्हणून. मी नाकेबंदीच्या नथेची गोष्ट सांगायला घेतली, पण तिला घाई होती. तिने फोन तसाच ओसरीवर ठेवला आणि ती जुड्या बांधायला लागली. पलीकडचे सगळे मला ऐकू येत होते.

आत्या बाजेवर होती. अलीकडे तिला दिवसाचे भान राहत नसे. भरलेल्या पाट्या ओसरीवर, बाहेर कारेरचा आवाज नाही, रस्त्यावर कुणी नाही, आणि वहिनी म्हणते बाजारात जाता येत नाही.

"साकव मोडले काय गो परतून?" तिने विचारले.

"खंयचे साकव?" वहिनी म्हणाली, आणि पुढची जुडी बांधायला घेतली.