फरीदाबाद : तरुणांचे श्रम आणि कंत्राटदार

दिल्लीच्या दक्षिणेला असलेले फरीदाबाद हे जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने 1607 मध्ये वसवलेले गाव, परंतु त्याच्या औद्योगिक रूपाची सुरुवात फाळणीनंतर झाली. वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माईल खान, कोहाट या भागांतून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी 1949 मध्ये तेथे नवे नगर उभारायचे ठरले आणि राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. घरे बांधण्याचे काम नेहमीच्या कंत्राटदारांना न देता कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या साहाय्याने निर्वासितांच्या सहकारी संस्थांकडे सोपवण्यात आले. त्यामुळे ज्यांनी कधी थापी हातात धरली नव्हती असे छावणीतले तरुण गवंडीकाम आणि वीटकाम शिकत असतानाच मजुरी मिळवू लागले. शिक्षण, रोजगार आणि निवारा यांची येथे एकच सांगड घातली गेली होती, हे या प्रयोगाचे खरे मोल होय.

ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. काही वर्षांतच सहकारी संस्था मागे पडल्या. बाटा, एस्कॉर्ट्स, गुडइयर यांसारखे कारखाने आले आणि उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून येणाऱ्या तरुणांची भरती हळूहळू ठेकेदाराच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या, हाती गेली. कंत्राटी कामाचे नियमन आणि काही ठिकाणी त्याचे निर्मूलन करण्यासाठी 1970 मध्ये केंद्रीय कायदा झाला, तरी ‘हेल्पर’ म्हणून लागलेला मुलगा यंत्र चालवण्यात कितीही तरबेज झाला तरी कागदोपत्री हेल्परच राहावा, हा प्रकार थांबला नाही. लहान कारखान्यांत ‘पीस रेट’, म्हणजे तयार नगांच्या संख्येवर मिळणारी मजुरी, रूढ झाली आणि काम नसलेल्या दिवसाचा तोटा कामगाराच्याच माथी आला.

या व्यवस्थेचे सर्वांत निष्ठुर रूप फरीदाबादलगतच्या अरवली टेकड्यांतील दगडखाणींत दिसले. वेठबिगारांच्या मुक्तीसाठी काम करणाऱ्या बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पाठवलेल्या पत्रात या खाणींत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश व राजस्थान येथील मजूर अमानुष स्थितीत राबत असल्याचे नमूद होते. मराठी वाचकाच्या दृष्टीने हा उल्लेख विसरण्याजोगा नाही. मजुरी ट्रकभर दगडावर ठरे, ट्रकचे माप मजुराच्या हाती नसे आणि सुरुंगाच्या दारूचा व छिद्रे पाडण्याचा खर्चही त्याच मजुरीतून जाई. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने 16 डिसेंबर 1983 रोजी किमान वेतन, पिण्याचे पाणी, धूळ रोखण्याचे उपाय आणि वेठबिगारांची मुक्तता यांबाबत आदेश दिले. पुढे पर्यावरणाच्या कारणास्तव खाणकामावर बंदी आली, आणि ती योग्यच होती. परंतु ज्यांचा रोजगार बुडाला त्यांच्या हाताला दुसरे काम देण्याची तितकीच ठोस व्यवस्था झाली नाही. खाणमजुरांच्या वस्तीतून वाढलेले खोरी गाव, वनजमिनीवरील अतिक्रमण म्हणून, 2021 मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आले आणि हजारो कुटुंबांचा निवाराही गेला.

गरीब तरुणांकडे कौशल्य नसते म्हणून त्यांची मिळकत तुटपुंजी राहते, हे स्पष्टीकरण फरीदाबादच्या इतिहासापुढे अपुरे ठरते. छावणीतल्या मुलांनी काही महिन्यांत कौशल्य मिळवले होते. फरक होता तो श्रम आणि मजुरी यांच्यामध्ये कोण उभे आहे याचा. महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने याच जागेवर मंडळ आणले, ज्यात हमालांची नोंदणी होते, मालक मजुरी मंडळाकडे भरतो आणि भविष्यनिर्वाह निधी व रजा यांची सोय मजुरीवर आकारलेल्या अधिभारातून होते. असुरक्षित कामगारालाही संरक्षण देता येते हे या कायद्याने सिद्ध केले आहे. म्हणून शहरी तरुणांसाठी केवळ प्रशिक्षण केंद्रे उघडणे पुरेसे नाही. त्यांच्या कामाची नोंद आणि मजुरीची हमी यांची जबाबदारी सार्वजनिक संस्थेने घेतली पाहिजे.