अंगणांतून विद्यापीठाकडे : हुतुतूची शंभर वर्षांची वाट

धानाची कापणी-मळणी उरकली कीं चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या झाडीपट्टींत करमणुकीचा हंगाम सुरू होतो. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, रात्र-रात्र नाटकें रंगतात आणि रिकाम्या झालेल्या बांधींत रेघा ओढून कबड्डीचे सामने लावले जातात. मराठी मुलखांतील जुन्या पिढीच्या तोंडीं या खेळाचें नांव हुतुतू. त्याला चेंडू लागत नाहीं, फळी लागत नाहीं. सपाट माती, चार रेघा आणि छातींतील दम एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो.

एवढा सर्वपरिचित खेळ. तरी भारतीय विद्यापीठांच्या क्रीडा नियामक मंडळानें त्याला आपल्या सामन्यांच्या यादींत मानाचें स्थान दिलें तें १९६१ सालीं. कलकत्ता, मुंबई व मद्रास हीं अर्वाचीन भारताचीं पहिलीं तीन विद्यापीठें १८५७ सालीं स्थापन झालीं होतीं. म्हणजे अंगणांतून विद्यापीठाच्या क्रीडांगणांत पाऊल टाकावयास हुतुतूला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. हा विलंब कां झाला, हें समजण्यासाठीं अगदीं उलट दिशेनें वाढलेल्या एका खेळाकडे पाहणें उपयोगी ठरेल.

अमेरिकन फुटबॉल हें विद्यापीठाचेंच अपत्य होय. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं न्यू जर्सी राज्यांत रटगर्स व प्रिन्स्टन येथील विद्यार्थ्यांत सामना झाला. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते. रटगर्सनें चारांविरुद्ध सहा गुणांनीं सरशी केली. तो खेळ अजून साध्या फुटबॉलला जवळचा होता. १८७४ सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशीं खेळला, आणि चेंडू हातीं घेऊन धांवण्याची रीत अमेरिकन विद्यार्थ्यांना गोड लागली. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यानें पुढें त्याला शिस्त लावली. १८८० सालीं गड्यांची संख्या अकरावर आली; १८८२ सालीं असा नियम झाला कीं तीन प्रयत्नांत पांच यार्ड पुढें सरकावें, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षास द्यावा. इंच-इंच जमीन जिंकीत जाणें हा त्या खेळाचा प्राण झाला.

त्यांत धसमुसळेपणा फार होता. १९०५ च्या एकाच हंगामांत दीड डझनाच्या आसपास खेळाडू प्राणास मुकले. तेव्हां राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना बोलावून घेतलें. १९०६ सालीं नियम बदलले, चेंडू पुढें फेंकण्यास मुभा मिळाली, आणि खेळावर देखरेख करण्यासाठीं विद्यापीठांची एक संस्था उभी राहिली. खेळ संकटांत सांपडला तेव्हां राष्ट्राध्यक्षानें त्यांत लक्ष घातलें. कारण त्या खेळाच्या पाठीशीं विद्यापीठें होतीं.

हुतुतूचा प्राणहि जमीन हाच. मध्यरेषा ओलांडून परक्या अंगणांत शिरावयाचें, गडी मारावयाचा आणि दम तुटण्यापूर्वीं परतावयाचें. परंतु त्याच्या पाठीशीं ना विद्यापीठ होतें, ना लिहिलेले नियम. प्रांतोप्रांतीं त्याच्या तऱ्हा निराळ्या. संजीवनींत बाद झालेला गडी पुन्हां उठे. गामिनींत एकदां बाद झालेला बाहेरच राही. अमर प्रकारांत बाद होऊनहि गडी मैदान सोडीत नसे, प्रतिपक्षास केवळ गुण मिळे. अशा स्थितींत दोन गांवांचा सामना ठरला तरी आधीं नियमांवरून तंटा व्हावयाचा.

हा तंटा मिटविण्याचें काम कोणत्याहि विद्यापीठानें नव्हे, तर महाराष्ट्रांतील व्यायामप्रेमी मंडळींनीं केलें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत नियमांची जुळवाजुळव झाली, आणि १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें मोठे सामने भरविले. १९१४ सालीं अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. त्यांत हुतुतूहि होता. १९३८ सालीं कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत त्याचा समावेश झाला. १९५० सालीं अखिल भारतीय महासंघ निघाला व १९५२ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदाचे सामने सुरू झाले. इतकें झाल्यावर विद्यापीठांचें दार उघडलें. खेळानें विद्यापीठाकडून कांहीं घेतलें नव्हतें; तो पूर्ण वाढ झाल्यावरच तेथें गेला.

या दिरंगाईचा सर्व दोष नियमांच्या अभावावर लोटणें न्यायाचें होणार नाहीं. येथील विद्यापीठांनीं खेळाची कल्पना विलायतेहून आणली. क्रिकेट, हॉकी, टेनिस हे सुशिक्षितांचे खेळ ठरले. उघड्या अंगानें मातींत लोळणें हें खेडवळाचें लक्षण मानलें गेलें. ज्या खेळाला साहित्य लागत नाहीं त्याची किंमतहि लागत नाहीं, असा कांहींसा समज रूढ झाला.

वैनगंगेच्या खोऱ्यांत विद्यापीठ स्वतःच फार दूर होतें. नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं स्थापन झालें, आणि त्या काळीं चांदा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील महाविद्यालयें पुढें त्याच्याच कक्षेंत राहिलीं. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूरचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तरी सिरोंच्याच्या विद्यार्थ्याला आपलें विद्यापीठ गांठण्यास तीनशेंहून अधिक किलोमीटर जावें लागे. २७ सप्टेंबर २०११ रोजीं गडचिरोली येथें गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालें व दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आले. विद्यापीठांनीं खेळ स्वीकारल्यापासून या अरण्यप्रदेशाला स्वतःचें विद्यापीठ मिळेपर्यंत आणखी पन्नास वर्षें गेलीं.

मात्र संस्था जवळ आली म्हणजे खेळाडूचें भलें होतेंच, असें नाहीं. याविषयीं अमेरिकन फुटबॉलच्याच इतिहासांत एक विदारक प्रकरण आहे. पेनसिल्व्हेनियांतील कार्लाईल येथें १८७९ सालीं रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानें तेथील आदिवासी मुलांसाठीं निवासी शाळा काढली. मुलांचे केस कापले जात, नांवें बदलली जात, मातृभाषा बोलण्यास बंदी असे. या शाळेचा संघ ग्लेन वॉर्नर यांच्या हाताखालीं इतका तरबेज झाला कीं १९११ सालीं त्यानें बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असें हरविलें. त्या विजयाचा मानकरी जिम थॉर्प यानें पुढच्याच वर्षीं स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें दोन सुवर्णपदकें जिंकलीं. १९१८ सालीं शाळा बंद झाली. संघाच्या विजयांची कीर्ति मागें राहिली. पण ज्या मुलांची भाषा गेली त्यांना ती त्या कीर्तींतून परत मिळाली नाहीं. संस्थेला खेळाडूचे पाय हवे होते. तो ज्या घरून आला तें घर नको होतें.

झाडीपट्टीच्या दृष्टीनें हें प्रकरण केवळ परदेशचें नव्हे. येथील विद्यापीठानें गोंडवाना हें नांव धारण केलें आहे. येथें गोंडी व माडिया बोलणारीं मुलें शिकावयास येतात. आणि या मुलांचा खेळहि आतां पूर्वीचा राहिलेला नाहीं. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. त्यानंतर वरच्या दर्जाचे सामने मातीवरून मॅटवर गेले. मॅटवर पायाची पकड निराळी, वळण्याची गति निराळी. त्यासाठीं विशिष्ट बूट लागतात. ज्या खेळाला कांहींच लागत नव्हतें, त्याला आतां पैसा लागतो. मातींत तयार झालेला गडी प्रथमच मॅटवर उतरला, तर त्याचा पराभव चढाई सुरू होण्यापूर्वींच होतो.

पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा रस्ता बंद पडतो. तेथील मुलाला सरावासाठीं दूरच्या शहरीं बोलावणें म्हणजे जुनें अंतर नव्या नांवानें कायम ठेवणें होय. मॅट गुंडाळून गाडींत घालतां येते. ती एटापल्लीस, भामरागडास, सिरोंच्यास नेतां येईल, आणि त्याच मुलाची बोली जाणणारा शिक्षक तिच्यासोबत पाठवितां येईल. शंभर वर्षें खेळ विद्यापीठाकडे चालत आला. पुढचें अंतर विद्यापीठानें चालावयाचें आहे.