बोर्डिंगातली मुले: तीन देशांची कहाणी

मुलाला शिकण्यासाठी परगावी ठेवायचे ठरले, की घरातल्या आईचा जीव खालीवर होतो. बाप बाहेरून कठोर दिसतो, पण एस. टी. सुटल्यावर तोही डोळे पुसतो. मूल घरापासून दूर ठेवून शिकवावे ही कल्पना मात्र फार जुनी आहे आणि पुष्कळ देशांत ती रुजली आहे. कोठे तिने माणसे घडविली, तर कोठे मोडली. असे का झाले, हे आज आपण तीन ठिकाणी जाऊन पाहू.

पहिले ठिकाण इंग्लंडचे. तेथे सहावा हेन्री या राजाने १४४० साली ईटन येथे शाळा काढली. हेतू असा, की सत्तर गरीब मुलांनी तेथे फुकट राहावे व शिकावे. पुढे शाळेचे नाव झाले, तसे श्रीमंतांनी आपली मुले पैसे भरून तेथे धाडण्यास सुरुवात केली. सत्तर जागा राहिल्या, पण शाळा बड्या घरांची झाली. नाव ‘पब्लिक स्कूल’, आणि प्रवेश मात्र ज्याची थैली जड त्याला, असा हा प्रकार! या शाळांत एक चाल होती. लहान मुलांनी वरच्या वर्गातल्या मुलांची चाकरी करायची. बूट पुसायचे, चहा करायचा, निरोप पोचवायचे. आज जो राबला तो उद्या दुसऱ्याला राबवी. हुकूम पाळायला आणि हुकूम सोडायला शिकलेली ही पोरे पुढे साम्राज्याचे अधिकारी होऊन हिंदुस्थानात आली. ही चाल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडली.

आता अमेरिकेत चला. तेथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी गोऱ्यांनी घेतल्या, आणि मग त्यांच्या मुलांना ‘सुधारण्याचे’ ठरविले. १८७९ साली रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल गावच्या रिकाम्या बराकीत शाळा उघडली. शेकडो कोसांवरून मुले आगगाडीने आणली गेली. आल्याबरोबर त्यांचे लांब केस कापले. फळ्यावर इंग्रजी नावे लिहून ठेवली होती. त्यांतले एक दाखवायचे, तेच आपले नाव. ल्यूथर स्टँडिंग बेअर या लाकोटा मुलाला ‘ल्यूथर’ हे नाव असे मिळाले, आणि मोठेपणी त्याने हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आईची भाषा बोलली तर शिक्षा. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, धुणे. शिवाय गोऱ्यांच्या घरी व शेतांवर कामालाही मुले धाडीत.

या शाळेतून काहीच निपजले नाही, असे म्हणता येणार नाही. १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणारा जिम थॉर्प येथलाच. पण शाळेला मैदान असते, बाग असते. या शाळेला दफनभूमीही होती. आजाराने गेलेल्या शंभराहून अधिक मुलांना तेथे पुरले. शाळा १९१८ साली बंद झाली. २०१७ पासून त्यांतल्या काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठविले जाऊ लागले. शेजारच्या कॅनडातही अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली. तेथल्या सरकारने २००८ साली, आणि अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२४ साली जाहीर माफी मागितली. माफी आली, पण ज्यांनी ती ऐकायची त्यांतले बहुतेक आईबाप केव्हाच निघून गेले होते.

तिसरे ठिकाण आपल्या घरचे. राजर्षी शाहू महाराज स्वतः राजकोटच्या राजकुमार कॉलेजात, म्हणजे इंग्रजी वळणाच्या संस्थानिकांच्या शाळेत शिकले. पण परत येऊन त्यांनी बोर्डिंग काढले ते शेतकऱ्यांच्या पोरांसाठी. १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा अनेक समाजांची निघाली. पंक्ती वेगळ्या होत्या त्या काळात वसतिगृहेही वेगळी राहिली.

पुढचे पाऊल टाकले ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकच बोर्डिंग काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत, एका पंक्तीला जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले; मंगळसूत्रही राखले नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. काम तिन्ही ठिकाणी मुलांनी केले. ईटनच्या पोराने वरच्याची चाकरी केली. कार्लाइलच्या पोराने आपले घर विसरावे म्हणून काम केले. साताऱ्याच्या पोराने कुदळ धरली ती स्वतःच्या भाकरीसाठी आणि वहीसाठी. सुट्टीत तो आपल्या गावी, आपल्याच नावाने, आपलीच बोली बोलत परतला. श्रम वाईट नव्हेत; ते कोणासाठी, हा प्रश्न आहे.

गुरुजी, ही जुनी कहाणी नव्हे बरं का. आजही आपल्या आश्रमशाळांत गोंडी, कोरकू, भिली बोलणारी लेकरे येतात. आपल्या बोलीत दोन शब्द बोलल्याबद्दल त्यांतल्या एखाद्याला हसू नका, रागावू नका. जमल्यास ते दोन शब्द तुम्हीच शिकून घ्या. आणि आईबापांनो, पोराला बोर्डिंगात ठेवताना इमारत पाहून भुलू नका. जेवायला काय देतात, आजारी पडल्यास कोण पाहते, भेटायला केव्हा येऊ देतात, मोठी मुले लहानांना राबवितात काय, एवढे विचारा. या प्रश्नांचा जिथे राग येत नाही, तिथे मूल ठेवायला हरकत नाही.