एमसीबी कोणाला वाचवते?

एप्रिल उजाडला की नांदेड-लातूरकडे खिडक्याखिडक्यांना पत्र्याचे कूलर लागतात. पाणी, पत्रा आणि 230 व्होल्ट एकाच पेटीत. ‘एमसीबी बसवलीय, भीती कसली?’ असं घरमालक बिनघोर सांगतो. पण एमसीबी मुळात वायरीच्या रक्षणासाठी आहे, माणसाच्या नव्हे.

तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. प्रवाह वाढला की ती तापून वाकते आणि खटका सोडते, पण सावकाश: 16 अँपिअरच्या एमसीबीतून 23-24 अँपिअर वाहिले, तर ती तासाभरात कधीतरी पडते. शॉर्टसर्किटला एवढी उसंत देता येत नाही. तिथे चुंबकी गुंडाळी क्षणात काम उरकते. मात्र ‘सी’ प्रकारात त्यासाठी 5 ते 10 पट, म्हणजे 80 ते 160 अँपिअर लागतात.

आता कूलरच्या पंपाची सोललेली वायर पत्र्याला टेकली. प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत उतरतो आणि मातीतूनच डीपीकडे परततो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळलेली, खाली बसाल्ट, खड्ड्यातलं मीठ-कोळशाचं मिश्रण कोरडंठाक. (2016 मध्ये लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेने आलं, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात बादली कोण ओतणार?) या वाटेचा रोध 46 ओहम धरला तर प्रवाह जेमतेम 5 अँपिअर. 16 ची सोडा, 6 अँपिअरची एमसीबीही ढिम्म हलत नाही. पत्र्यावर जीवघेणा दाब तसाच राहतो.

प्रवाहाची गळती ओळखणाऱ्या आरसीसीबीचा हिशेब वेगळा. फेज आणि न्यूट्रल एकाच कड्यातून जातात. गेलेला आणि परतलेला प्रवाह सारखा असला की त्यांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना खोडतात. 30 मिलिअँपिअरची तफावत पडली की 0.3 सेकंदाच्या आत पुरवठा तुटतो. अर्थिंगचा रोध दीड हजार ओहम झाला तरी पत्र्यावरचा दाब 50 व्होल्टच्या आसपास पोचताच ती पडते. मराठवाड्याच्या कोरड्या मातीला हेच उपकरण मानवतं. ओव्हरलोड मात्र तिला कळत नाही, म्हणून एमसीबीही हवीच. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम हातात आले, तर ती माणसाला बल्बच समजते.

अडचण निघते ती इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये. दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधले की आरसीसीबी वारंवार पडते. न्यूट्रल वेगळे करायला अर्धा दिवस जातो. आरसीसीबी बायपास करायला पाच मिनिटं. बहुतेक वायरमन पाच मिनिटांचं काम करतात, आणि घरमालक त्यांना चहा पाजतो.