मधपेटी जोडताना: नवख्या मधपाळांसाठी मापे आणि जोडणी

तूर फुलोऱ्यात आली की अनेकांना मधपेटी आठवते, पण तेव्हा उशीर झालेला असतो. परभणी जिल्ह्यात तूर, मग करडई आणि सूर्यफूल असा फुलोरा साधायचा असेल, तर पेट्या सप्टेंबरअखेर जोडून, रंग वाळवून तयार ठेवा.

आधी माशी ठरवा, मग सुताराकडे जा. मेलिफेरा माशीसाठी दहा फ्रेमची लँगस्ट्रॉथ पेटी वापरतात. सातेरीची पेटी लहान असते. एकीच्या फ्रेम दुसरीत चालत नाहीत.

लँगस्ट्रॉथ पेटीच्या कोठीचे आतले माप ४६५ मिमी लांब, ३७५ मिमी रुंद आणि सुमारे २४३ मिमी खोल असते. फ्रेमची वरची पट्टी ४८२ मिमी, चौकटीची बाहेरची लांबी ४४८ मिमी आणि उंची २३२ मिमी. म्हणजे फ्रेम आणि भिंत यांत दोन्ही बाजूंना साडेआठ मिमी फट राहते. पेटीत सर्वांत महत्त्वाची ती फटच. लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हेच हेरले: फट सहा ते नऊ मिमी असेल तर माशा ती ये-जा करायला मोकळी ठेवतात. कमी असेल तर डिंकासारख्या राळेने बुजवतात, जास्त असेल तर तिथे पोळे बांधतात. मग फ्रेम उचलताना पोळे फाटते, पिल्ले चिरडतात, प्रसंगी राणीही जाते. सुताराला 'बोटभर जागा सोड' असे सांगू नका. नमुना फ्रेम हातात द्या.

लाकूड पूर्ण वाळलेले घ्या. ओल्या फळीची पेटी आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात वाकते आणि सांधे उघडतात. कोठी ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच कोठी काटकोनात आहे. सांध्याला गोंद आणि खिळे दोन्ही लावा. रंग फक्त बाहेरून, पांढरा किंवा फिका. आतून काही लावू नका.

फ्रेमच्या बाजूपट्ट्या वरच्या भागात ३५ मिमी रुंद असतात. दहा फ्रेमना ३५० मिमी लागतात, २५ मिमी उरतात. नवखा माणूस ही जागा सगळ्या फ्रेममध्ये वाटून टाकतो. तसे करू नका. फ्रेम एकमेकींना चिकटवून मध्यभागी ठेवा, उरलेली जागा दोन्ही कडांना सोडा.

मेणपत्रा बसवण्याआधी तार ताणून घ्या. बोटाने छेडली की टणकारली पाहिजे. ढिल्या तारेवरचा पत्रा उन्हाने लोंबतो. हे काम सकाळी सावलीत करा आणि मेणपत्रे पत्र्याच्या खोलीत साठवू नका.

स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या वसाहत पळवून लावतील. वाट्या आटल्या की भरायच्या, हे मात्र घरात एकाने अंगावर घ्यावे.

पेट्या विकत घेण्याआधी राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या परभणी कार्यालयात मधकेंद्र योजनेची चौकशी करा. तीत ५० टक्के अनुदान आहे आणि प्रशिक्षण घ्यावे लागते.